दोन तास, दोन बाह्या

वेळेच्या बाबतीत माझा हात धरणारा शिंपी आमच्या बेटावर दुसरा नाही! कापड हातात घेतलं की कपडा कधी तयार होईल, ते मी मिनिटावर सांगतो. त्यामुळे मेहुणीच्या लग्नाच्या झग्याच्या बाह्या जोडायच्या राहिल्या, तरी मी निवांत होतो. लग्न शेजारच्या बेटावर, दुपारी बाराला.

"अहो, बिनबाह्यांचा झगा घेऊन विमानात चढणार?" बायको म्हणाली.

"तिकीट बघ. नऊला सुटतं, अकराला पोहोचतं. दोन तास, दोन बाह्या!"

"एवढंसं अंतर आणि दोन तास?"

"अगं, वळसे असतात."

"समुद्रावर?"

मी झगा आणि शिवणाचं सामान पिशवीत भरलं आणि विमानतळ गाठला. तपासणीत माझी कात्री काढून घेतली, सुई तेवढी सोडली. हरकत नाही, दोरा तोडायला दात आहेत! झगा मांडीवर पसरून मी कामाला लागलो. वैमानिकाने अंतर, वेळ असं काहीबाही सांगायला सुरुवात केली.

"अहो, ऐका जरा, ते काय..."

"त्यांचं विमान, माझी बाही! मध्ये बोलू नकोस."

पहिली बाही झकास बसली. दुसरी हातात घेतो न घेतो तोच विमान खाली झुकलं.

"इतक्यात?" मी ओरडलो. "अहो, आणखी एक चक्कर मारायला सांगा!"

हवाईसुंदरी हसली. "साहेब, तासाभराचाच प्रवास आहे. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा तासभर पुढे असतात."

 'भाऊजी शिवतील तोच घालणार' म्हणून मेहुणीने दुसरा झगा घेतलाच नव्हता! मग मी जी सुई चालवली, ती चाकं जमिनीला टेकल्यावरच थांबली. "झाली!" म्हणत मी दिमाखात उठलो. माझ्याबरोबर झगाही उठला. बाही माझ्या पँटला शिवली गेली होती, मांडीपासून गुडघ्यापर्यंत, दुहेरी टाक्यांनी!

बाहेर मेहुणी वाट बघत होती. "भाऊजी, झगा आणलात?"

"हा काय."

"पण तुम्ही त्याला असे का चिकटलात?"

स्वतःच्या मांडीपर्यंत कुणाचेही दात पोहोचत नाहीत, हे मला तिथे कळलं. मेहुणी रडकुंडीला आली. बायकोने मात्र स्वच्छतागृहाकडे बोट दाखवलं.

"आत जा आणि पँट काढून द्या. मी गाडीत उसवून बाही पुन्हा जोडते. तुमची पँट मागाहून पाठवते."

दोघी झगा आणि माझी पँट घेऊन पळाल्या. मी आतून कडी लावून बसलो. बऱ्याच वेळाने बायकोचा फोन आला.

"लग्न लागलं! बाह्या काय सुरेख बसल्यात! सगळे शिंपी कोण म्हणून विचारतायत."

मला भरून आलं. "आणि पँट?"

"अगंबाई!"

करमणूक म्हणून शर्टाच्या खिशातलं परतीचं तिकीट काढलं. चारला सुटतं, चारला पोहोचतं. हे मी आधीही वाचलं होतं. मला वाटलं होतं, येताना वारा मागून असतो.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "अहो, आत कोण आहे? अजून किती वेळ?"

मी म्हटलं, "इथल्या घड्याळाने सांगू, की आमच्या?"