विमानतळाशेजारची चंद्राक्का

मुलांनो, एका जंगलात एक मोठा माळ होता. माळावर गवत होतं, कडेला तळं होतं आणि तळ्याकाठी चितळांची चाळीस घरं होती. तिथल्या बेहड्याच्या झाडावर भिवबा नावाचा म्हातारा वानर बसे. बिबट्या दिसला की तो 'खक्-खक्' ओरडे. चितळं पळत. बिबट्या उपाशी परत जाई. पिढ्यान् पिढ्या असंच चाललं होतं. म्हणजे विकास असा काही नव्हताच.

मग सिंहमहाराजांनी माळावर विमानतळ बांधला.

दूरदेशाहून उडत येणारे करकोचे आता विमानानं येऊ लागले. "पंख फार दुखायचे हो," ते म्हणाले.

दर दहा मिनिटांनी विमान. गवताला रॉकेलचा वास येऊ लागला. तळ्यावर तेलाचा तवंग आला. पाडसं खोकू लागली. चितळांनी कुरकुरत ते सोसलं, कारण सोसायची त्यांना सवय होती.

त्यांच्यात चंद्राक्का नावाची चितळीण होती. तिला एकच पाडस होतं. एका सकाळी दोघं चरत असताना डोक्यावरून विमान गेलं. झाडावर भिवबा उड्या मारत होता. तोंड उघडत होता, मिटत होता. चंद्राक्काला वाटलं, म्हातारा जांभया देतोय.

विमान गेलं. आवाज थांबला. पाडस जागेवर नव्हतं.

भिवबा खाली उतरला. त्याचा घसा बसला होता. "सात वेळा ओरडलो गं, चंद्रे. सात वेळा."

"दिसलं मला," चंद्राक्का म्हणाली. "ऐकू नाही आलं."

ती विमानतळाच्या कचेरीत गेली. तिथले मुख्य अधिकारी कोल्हेसाहेब. फार सज्जन. त्यांनी आधी पाणी दिलं.

"बाळाचं ऐकून वाईट वाटलं, ताई. पण त्याला बिबट्यानं नेलं. विमानानं नाही."

"आवाजामुळं बिबट्या कळला नाही, साहेब."

"आवाज किती होता?"

"खूप."

"खूप म्हणजे किती? आकडा लागतो, ताई."

चंद्राक्काकडे आकडा नव्हता. म्हणून साहेबांनी आवाज मोजायला तज्ज्ञ नेमला. तज्ज्ञ म्हणजे कासव. ते तळ्याच्या पलीकडच्या काठावरून चार महिन्यांनी पोचलं आणि धावपट्टीशेजारी बसलं. विमान आलं की ते सवयीनं मान कवचात ओढून घेई. विमान गेलं की मान बाहेर काढून लिही, 'शांतता.'

अहवाल आला. माळ शांत आहे. चितळं हळवी आहेत.

तरीही, निव्वळ माणुसकी म्हणून, कचेरीनं घरटी सावरीचा कापूस वाटला. कानात घालायला. चितळांना तो फार आवडला.

"किती दिवसांनी डोळा लागला!" चंद्राक्काची भावजय म्हणाली. "वन्सं, तुम्हीही घाला ना."

"नको. भिवबा ओरडेल."

"काय?" भावजय म्हणाली. तिच्या कानात कापूस होता.

आता विमान ऐकू येत नव्हतं. बिबट्याही येत नव्हता ऐकू. तो आधी विमानाची वाट पाहून यायचा. आता सवडीनं, पायवाटेनं येऊ लागला. चंद्राक्का एक घास खाई आणि मान वर करून चहूकडे बघे. धोका दिसला की धावत जाऊन शेजाऱ्यांना ढुशी देई. शेजारी झोपमोड झाली म्हणून चिडत.

पावसाळा सरला तेव्हा अकरा घरं उरली. थंडी संपेपर्यंत दोन.

चंद्राक्का पुन्हा कचेरीत गेली. कोल्हेसाहेबांनी वही उघडली. त्यांचा चेहरा उजळला. "गेल्या वर्षी चाळीस घरांची कुरकुर होती, ताई. यंदा फक्त तुमची. केवढी सुधारणा!"

चंद्राक्का उठून कचेरीबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी तिनं भावजय आणि तिची दोन पाडसं बरोबर घेतली आणि डोंगर ओलांडला. भिवबा झाडाझाडांवरून मागं आला. वाटेत चंद्राक्कानं तिघांच्या कानांतला कापूस दातांनी ओढून काढला.

पलीकडं खडक जास्त, गवत थोडं. पहिल्याच दुपारी भिवबा फुटक्या आवाजात 'खक्' म्हणाला. झुडपात नुसतं रानडुक्कर होतं. पण सगळी पळाली, दोन्ही पाडसंसुद्धा. पळून झाल्यावर चंद्राक्का उभ्या उभ्या रडली.

इकडं माळावर तक्रारी शून्य झाल्या. विमानतळाला शांततेचं पारितोषिक मिळालं.

त्यानंतर कचेरीत एकच तक्रार आली, बिबट्याची. खायला काही उरलं नाही, म्हणाला. त्याच्याकडे कुणी आकडा मागितला नाही. कोल्हेसाहेबांनी त्याला त्याच दिवशी विमानात खिडकीजवळची जागा दिली आणि शेजारच्या जंगलात पाठवलं. तिथं नवा विमानतळ होणार होता.

तात्पर्य: मुलांनो, शांतता हवी म्हणून विमानं थांबवायची गरज नसते. थोडा धीर धरावा. ऐकणारे आपोआप कमी होतात.