तिसरा स्क्रू

"कुणीही जागचं हलू नका!"

जावईबापू असे ओरडले की घर जिथल्या तिथे थांबले. बायको स्वयंपाकघराच्या दारात एक पाय उचललेल्या अवस्थेत उभी राहिली. खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या आईने चटकन पाय वर घेऊन मांडी घातली.

"काय झालं रे? साप?"

"स्क्रू," जावईबापू म्हणाले. "एक स्क्रू कमी आहे."

जेवणाच्या टेबलावर सासरेबुवांची लेन्स तुकड्या-तुकड्यांत पडली होती. सासरेबुवांनी चाळीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवला तो याच लेन्सच्या जिवावर. शहरातल्या निम्म्या लोकांचे जावळातले, लग्नातले आणि पासपोर्टवरचे चेहरे याच काचेतून गेले होते. "ही लेन्स आजवर एकदाही उघडलेली नाही. कंपनीतून आली तशी आहे," हे वाक्य आलेल्या पाहुण्याला पाण्याच्या आधी मिळत असे.

जावईबापूंचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दंतवैद्य मापे पाठवत आणि हे मेणात एकेक दात बसवून कवळी तयार करत. काम नाजूक होते, हात स्थिर होता, नावही चांगले होते. सासरेबुवा मात्र पंधरा वर्षे त्यांची ओळख "आमचे जावई, दातांचं काहीतरी करतात" अशी करून देत आले होते. त्यांनी जावयाच्या हाती कधी साधी छत्रीही विश्वासाने दिली नव्हती. त्यामुळे गुरुवारी ते लेन्स घेऊन स्वतः आले आणि "फोकसची कडी फार जड फिरतेय. तुमचे हात बारीक कामाचे. बघा जमलं तर," असे म्हणाले, तेव्हा जावईबापूंना अक्षरशः भरून आले. दुकानात का दिली नाही, हे विचारायचेही त्यांना सुचले नाही.

सोमवारी सकाळी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. सासरेबुवांनी चाळीस वर्षे या शाळेचे वर्गफोटो काढले होते आणि आता पन्नाशी-साठीला आलेल्या त्या पोरांचा हट्ट होता की फोटो त्याच माणसाने, त्याच लेन्सने काढावा. सासरेबुवांनी होकार दिला होता. आज रविवार. पाच वाजता ते लेन्स न्यायला येणार होते आणि आता एक वाजला होता.

तोवर सगळे कसे छान चालले होते! काढलेला प्रत्येक भाग जावईबापूंनी धंद्यातल्या रिवाजाप्रमाणे मेणाच्या पट्टीत क्रमाने दाबून बसवला होता. आट्यांतले वाळून घट्ट झालेले जुने ग्रीस स्पिरिटने पुसले, नवे लावले. कडी लोण्यासारखी फिरू लागली. मग ते पुढची पितळी चकती बसवायला गेले आणि तिथे घोडे पेंड खाऊ लागले. चकतीला भोके तीन होती. मेणात स्क्रू मात्र दोनच उभे होते.

"अहो, पण मेणात खड्डेही दोनच आहेत," दारातून मान लांब करून बायको म्हणाली. "तिसरा असता तर त्याचा खड्डा नसता का पडला?"

"म्हणजे मेणात ठेवायच्या आधीच तो उडाला! चिमट्यातून!"

"उडताना दिसला?"

"दिसला असता तर शोधत बसलो असतो का?"

एवढे बोलून जावईबापू पोटावर आडवे झाले. विजेरी फरशीवर आडवी धरून त्यांनी टेबलाखालचा मुलूख वीत-वीत करून पाहिला. लोहचुंबक फिरवले, तेव्हा दोन टाचण्या चिकटल्या. मग स्क्रू पितळेचा आहे हे आठवले आणि त्यांनी चुंबकावरच राग काढला.

"तू केर कधी काढलास?"

बायकोने कोपऱ्यातल्या केरसुणीकडे पाहिले.

"साडेअकराला," ती म्हणाली. "आणि पिशवी खाली टाकून आले."

जावईबापू अनवाणीच जिना उतरले आणि इमारतीच्या कचऱ्याच्या डब्यातून एकसारख्या दिसणाऱ्या तीन पिशव्या घेऊन वर आले. गॅलरीत वर्तमानपत्रे पसरून त्यांनी तिन्हींचा केर चाळणीने चाळला. त्यात दोन वर्षांपूर्वी हरवलेली कपाटाची किल्ली सापडली. शेजाऱ्यांचे फाडलेले एक पत्रही सापडले आणि ते न वाचण्याचा मोठेपणा त्यांनी जवळजवळ पूर्णपणे पाळला. स्क्रू सापडला नाही.

"मी पाय खाली ठेवू का रे?" आईने विचारले.

"नाही! खुर्चीखालचं बघायचं राहिलंय."

"माझं नशीबच तसं," बायको पुटपुटली. तीही एव्हाना स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती. "लहानपणी बाबांनी एकदा आम्हाला असंच रविवारभर पलंगावर बसवून ठेवलं होतं. काय हरवलंय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. माहेरी तेच, सासरीही तेच."

जावईबापूंचे लक्षच नव्हते. तिसरा स्क्रू आत घरंगळला असेल तर काचेवर चरे पडतील. बाहेर हरवला असेल तर चकती ढिली होईल आणि उद्या दोनशे लोक हसरे चेहरे करून उभे असताना सासरेबुवांच्या हातात लेन्स खुळखुळेल. आयुष्यभर जपलेल्या वस्तूची माती जावयाने केली, हे मग त्यांना कुणी वेगळे सांगायला नको.

अडीच वाजता ते उरलेल्या दोनातला एक स्क्रू कवळीच्या डबीत घालून कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे धावले. घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावले.

"असा मिळायचा नाही. ही जुनी चीज आहे." मग त्याने स्क्रू उलटसुलट केला. "कुणीतरी अडाण्यासारखा उघडलाय हा. डोक्याची पार वाट लावलीय."

"मीच उघडलाय," जावईबापू मान खाली घालून म्हणाले.

"छे हो, हा घाव जुना आहे. चिरेत मळ धरलाय."

"अहो, मीच! आज सकाळी! मिळेल का नाही एवढं सांगा!"

"नाही," घड्याळवाला म्हणाला आणि भिंग काढून त्यांच्याकडे कीव आल्यासारखे बघू लागला.

घरी परतेपर्यंत साडेतीन झाले होते. आता एकच मार्ग उरला होता आणि तो त्यांच्या स्वतःच्या कवळ्यांच्या पेटीत होता. त्यांनी एका वाटीत पावडर घेतली, त्यावर द्रवाचे चार थेंब टाकले, काडीने घोटले आणि मऊ गोळा झाल्यावर तो दोन स्क्रूंनी बसवलेल्या चकतीच्या तिसऱ्या भोकात ठासून भरला. दहा मिनिटांत तो दगडासारखा कडक झाला. कानशीने घासून त्यांनी वरून गुळगुळीत केला. चकती घट्ट बसली. वरून लेन्सचे नाव कोरलेली कडी फिरवली, आतले सगळे झाकले गेले. खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोखून पाहिले, तर शिडीची एकेक पायरी मोजता येत होती. जावईबापूंचा जीव अर्धाच भांड्यात पडला, कारण तेवढ्यात घंटा वाजली.

सासरेबुवा आत आले. खुर्चीत मांडी घालून बसलेली विहीणबाई आणि स्टुलावर बसलेली मुलगी त्यांनी पाहिली आणि का कोण जाणे, त्यांचा चेहरा जरा उतरला.

"उघडलीत?" त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

"हो, बाबा."

त्यांनी कडी फिरवली. पुन्हा फिरवली. डोळे मिटून तिसऱ्यांदा फिरवली. मग जावयाचा दंड धरून त्यांना गॅलरीत नेले आणि दार ओढून घेतले.

"पुढची चकतीही काढलीत?"

"हो."

"किती स्क्रू होते तिला?"

आपली परीक्षा चालली आहे हे जावईबापूंना कळून चुकले.

"तीन," ते म्हणाले.

"तीन?"

"तीन."

"नीट आठवून सांगा."

"तीनच होते, बाबा. तिन्ही जागच्या जागी घट्ट बसवलेत."

सासरेबुवांनी खिशातून फिल्मची एक जुनी काळी डबी काढली, झाकण उघडले आणि तळहातावर उपडी केली. एक इवलासा पितळी स्क्रू बाहेर आला.

"मग हा कुणाचा?"

जावईबापूंनी एकदा स्क्रूकडे पाहिले, एकदा लेन्सकडे.

"तीस वर्षं झाली," सासरेबुवा कठड्याकडे तोंड करून म्हणाले. "एका रविवारी मीच उघडली होती. हा उडाला. दिवसभर घर डोक्यावर घेतलं. तिसऱ्या दिवशी पँटच्या दुमडीत सापडला, पण तोवर लेन्स चालू झाली होती. चालू लेन्स पुन्हा उघडायची छाती होईना. सगळ्यांना सांगत आलो, कधी उघडलेली नाही म्हणून. आता दुकानात दिली असती तर दुकानदाराने पहिल्याच नजरेत ओळखलं असतं. म्हटलं, घरातला माणूस आहे, सांभाळून घेईल." त्यांनी तळहात पुढे केला. "घाला एवढा. उद्या तरी लेन्स पुरी असू दे."

"आता नाही जाणार तो," जावईबापू म्हणाले.

"का?"

जावईबापूंनी नावाची कडी उघडून दाखवली. काळ्या-पिवळ्या धातूच्या मधोमध एक टपोरा गुलाबी ठिपका चमकत होता.

"हे काय?"

"हिरडी."

सासरेबुवांनी लेन्स डोळ्यांजवळ नेली. त्यांचे खांदे हलू लागले, तेव्हा जावईबापू धास्तावले, पण म्हातारा हसत होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, कठड्याला धरून हसत होता. हसून झाल्यावर त्यांनी स्क्रू पुन्हा डबीत टाकला, झाकण लावले आणि डबी जावयाच्या मुठीत दाबली.

"आता ही तुम्ही सांभाळा. माझ्यामागे लेन्सही तुमचीच," ते म्हणाले. "आणि उद्या कुणी विचारलं तर?"

"कंपनीतून आली तशी आहे," जावईबापू म्हणाले. "एकदाही उघडलेली नाही."

दोघे गंभीर चेहरे करून आत आले. मुलीने आधी वडिलांकडे पाहिले, मग नवऱ्याकडे आणि मग त्याच्या मुठीतल्या काळ्या डबीकडे.

"सापडला वाटतं," ती म्हणाली. "त्या रविवारचा की आजचा?"

जावईबापूंनी मूठ पाठीमागे नेली. तेवढ्यात खुर्चीतून आई म्हणाली, "कुठलाही असू दे बाई. मी पाय खाली ठेवू का आता?"