पत्रे सुकू देऊ नका

पत्रक लिहिणारे साहेब, तुम्ही जन्मात कधी छत्रीखाली आंघोळ केलेली नाही. केली असती, तर 'अधिकारी पाहून जाईपर्यंत पत्रे ओले ठेवावेत' या वाक्यापुढे अधिकारी कधी उगवणार तेही छापलं असतंत. मागची अख्खी बाजू कोरी होती की!

घड्याळवाल्यांनी ते पत्रक भिंग लावून वाचलं, इथेच घात झाला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. सांगितलं तेवढंच करणार, पण तंतोतंत करणार. मागच्या अंगणातल्या न्हाणीघरावरचे चार जुने सिमेंटचे पत्रे बदलायचे होते. गवंडी हातोडा घेऊन वर चढला, तसे हे खालून ओरडले, "थांब! ॲस्बेस्टॉस आहे त्यात! फोडलास तर बारीक धूळ उडेल, छातीत जाऊन बसेल आणि वीस-तीस वर्षांनी डाव साधेल!"

"काय मालक, असले शंभर फोडलेत मी," गवंडी म्हणाला आणि दोन मिनिटं खोकत राहिला.

त्या खोकल्यानेच निकाल लागला. हातोडा खाली आला. तोंडाला चांगला मास्क बांधून, पत्र्यांवर पाणी मारत, घड्याळवाल्यांनी एकेक बोल्ट पान्याने सोडवला. एक कोपरा दुखावला नाही. चारही पत्रे भिंतीलगत आडवे झाले, अंगावरचे कपडे वेगळे धुतले गेले, आणि त्यांनी पत्रकावरच्या कचेरीत फोन लावला.

"साहेब बघून जाईपर्यंत गुंडाळू नका, हलवू नका, सुकू देऊ नका," पलीकडचा आवाज म्हणाला. "आणि जुने पत्रे जमा केल्याची पावती मिळाल्याशिवाय नवं छप्पर घालू नका."

"साहेब कधी येतील?"

"येतील की!"

घरात न्हाणीघर एकच. त्याच्यावर आता नुसते वासे आणि आभाळ. समोरच्या इमारतीला सोळा गॅलऱ्या, आणि सासूबाईंच्या आंघोळीच्या वेळेलाच सगळ्यांचे कपडे वाळत घालायचे असायचे. सासूबाई छत्री घेऊन आत जायच्या.

"जावईबापू, हात दोन दिलेत देवानं!" आतून आवाज यायचा. "साबण लावू, तांब्या धरू, की छत्री?"

"आई, दोन दिवस कळ काढा."

"आणि तिसऱ्या दिवशी मी लेकाकडे चालले. लेकीलाही नेते. तुम्ही बसा पत्र्यांना पाणी घालत!"

बायकोने माळ्यावरून बॅग काढली. घड्याळवाल्यांनी रोज फोन केला, रोज 'येतील की' ऐकलं, आणि दर तासाला गजर लावून पत्र्यांवर पाणी मारलं. बॅग भरायची तेवढी राहिली.

पत्र्यांच्या पन्हळींत वर्षानुवर्षांची माती साचलेली. तिला असा पाहुणचार कुठे मिळालेला! आठवड्यात शेवाळ आलं. मग दोन जाड, केसाळ पानं.

"भोपळा आहे," सासूबाईंनी निदान केलं.

"अहो, उपटा ना," बायको म्हणाली.

"मुळं बोल्टच्या भोकात शिरलीत. ओढलं आणि पत्रा मोडला म्हणजे?"

वेलीला तर रान मोकळं मिळालं. ती भिंत चढली, वाशांवर पसरली, आणि दीड महिन्यात न्हाणीघरावर असं गच्च हिरवं छत झालं की सोळा गॅलऱ्यांतले कपडे पुन्हा सवडीने वाळू लागले. सासूबाईंनी छत्री मिटली. बायकोने बॅग माळ्यावर टाकली. घड्याळवाले कित्येक दिवसांनी हसले.

आणि साहेब आले.

"पत्रे कुठेत?"

"खाली."

"कशाच्या?"

"भोपळ्याच्या."

साहेबांनी लिहिलं : पत्रे आढळले नाहीत. मग मान वर करून लिहिलं : विनापरवाना छप्पर आढळले.

"अहो, वेल आहे ती!"

"सावली पडते ना? आतलं दिसत नाही ना? मग छप्परच. आजच्या आज काढा."

"ओढली तर पत्रे फुटतील."

"फुटता कामा नयेत."

"मग राहू दे."

"राहता कामा नये." साहेबांनी बरोबर आणलेली शिडी न्हाणीघराला लावली. "क्षेत्रफळ घ्यावं लागेल. पानं जरा बाजूला करतो."

"साहेब, आत—"

"जावईबापू! वर कोण चढलंय?"

तर पत्रक लिहिणारे साहेब, तुमचा माणूस शिडीवर आहे, सासूबाई आत आहेत, अंगभर साबण आहे, आणि तांब्या यावेळी पाण्यासाठी उचललेला नाही. वेल काढायची की ठेवायची? लेखी नको, तोंडी सांगा. पण आत्ता सांगा!