खिडकीकडून तळणीला

गाडीत बसल्या बसल्या खाणं घेऊन जायच्या त्या उपाहारगृहात बिनतारी हेडसेटची यंत्रणा सुरू झाली, त्या सकाळी खिडकीवाली आणि तळणीवाला यांच्यात अबोला होता. ही बाब मुख्य कार्यालयाला कळवण्यात आली नव्हती. तशी तरतूदही नव्हती.

ते दोघं नवराबायको. ती खिडकीत उभी राहून गाड्यांना पाकिटं द्यायची, तो आत बटाट्याचे काप आणि कोंबडीचे तुकडे तळायचा. संसार आणि नोकरी एकाच माणसाबरोबर असल्यामुळे दोन्हीकडे तेलाचा वास यायचा, पण चाललं होतं. मग ती चार दिवस माहेरी गेली आणि तेवढ्यात त्याने तिचं शिवणयंत्र आपल्या बहिणीला देऊन टाकलं. तिच्या आईने दिलेलं, पायाने चालवायचं, काळंभोर यंत्र.

"पडूनच तर होतं," तो म्हणाला.

"सुट्टीच्या दिवशी तुम्हीही पडूनच असता. तुम्हाला दिलं का मी कुणाला?" ती म्हणाली, आणि त्यानंतर तिने तोंडाला कुलूप लावलं.

कामावर हा अबोला सुखेनैव चालत होता. ती ऑर्डर चिठ्ठीवर लिहून तारेला अडकवायची, तो चिठ्ठी ओढून घ्यायचा. कुणाला कुणाचं तोंड बघावं लागत नव्हतं. पण चिठ्ठ्यांमुळे वेळ जातो, असा साक्षात्कार वरच्या मजल्यावरच्या कुणाला तरी झाला आणि एक प्रशिक्षण अधिकारी हेडसेटची खोकी घेऊन हजर झाले.

"गाडी बाहेरच्या खांबापाशी थांबली की कानात टिंग वाजेल," ते म्हणाले. "कमरेच्या डबीवर दोन बटणं आहेत. हिरवं दाबलं की तुमचा आवाज बाहेर ग्राहकाला, पिवळं दाबलं की आत सहकाऱ्यांना. दोन्ही हात अडकलेले असतील तर हिरवं जरा जास्त वेळ दाबून धरा. ते तसंच चालू राहील. मात्र काम झालं की आठवणीने सोडवा, नाहीतर आतलं सगळं बाहेर जाईल. आजपासून चिठ्ठ्या बंद. प्रत्येक निरोप ठिकाणाचं नाव घेऊन सुरू करायचा, 'धन्यवाद' म्हणून संपवायचा. ऐकणाऱ्याने 'कळलं' म्हणायचं. 'कळलं' आलं नाही तर निरोप पोचला नाही असं समजून पुन्हा सांगायचा."

"मान हलवली तर चालेल का?" तळणीवाल्याने विचारलं.

"मान बिनतारी जात नाही," अधिकारी म्हणाले.

त्यामुळे पहिल्या गाडीलाच अबोला मोडावा लागला. तिने पिवळं बटण दाबलं आणि भिंतीशी बोलावं तशी बोलली.

"खिडकीकडून तळणीला. बटाटे दोन, मीठ कमी. मिठाला जागणारी माणसं तशीही कमीच. धन्यवाद."

तळणीवाल्याने झारा थांबवला. नियम आठवला. "तळणीकडून खिडकीला. बटाट्यांचं कळलं. बाकीचं घरी बोलू. धन्यवाद."

"खिडकीकडून तळणीला. घरी आपण बोलत नाही. धन्यवाद."

"कळलं," तो म्हणाला. न म्हणून करतो काय? नाहीतर तिने नियमाप्रमाणे तेच पुन्हा ऐकवलं असतं.

दुपारी गर्दी झाली. तिच्या दोन्ही हातांत थंड पेयांचे ट्रे होते, म्हणून तिने कोपराने हिरवं बटण दाबून धरलं आणि ग्राहकाला सुटे पैसे तयार ठेवायला सांगितलं. पुढे ते सोडवायचं राहून गेलं. त्यामुळे नंतरचं सगळं, आईचं यंत्र, सासरची माणसं, त्या यंत्रावर ती नवऱ्याचे उसवलेले शर्ट कसे शिवत असे आणि आता बगलेतली भोकं वन्सं शिवणार आहेत का, हे सगळं खांबाच्या भोंग्यातून बाहेर रांगेवर पसरत राहिलं. आणि शिस्तीत. प्रत्येक वाक्याच्या शेवटी धन्यवाद होतं.

मग खांबापाशी थांबलेल्या ट्रकवाल्याचा घसा खाकरल्याचा आवाज कानात आला.

"बाई, मधे बोलतोय, माफ करा. पण तुमचं बरोबर आहे. आईची वस्तू विचारल्याशिवाय द्यायची नसते."

खिडकीवालीच्या हातातला ट्रे कलंडला. मागच्या गाडीतून एक गृहस्थ काच खाली करून म्हणाले, "एकच बाजू ऐकून निकाल देऊ नका. बहीण गरजू असेल तर?"

"गरजू असली म्हणून काय झालं?" त्यांच्याच गाडीतून त्यांची पत्नी म्हणाली. ती गाडी काहीही न घेता निघून गेली. त्यांचं आता त्यांच्यातच जुंपलं होतं.

शाखेच्या व्यवस्थापकांनी दोघांना बोलावून समज दिली. दुसऱ्या दिवशी दोघं तोंडातल्या तोंडात, फक्त बटाट्यांपुरतं बोलले. पण रांग मुख्य रस्त्यापर्यंत गेली होती. माणसं एक कॉफी घेत, वळसा घालून परत येत आणि दुसरी कॉफी घेत. शेवटी एकाने खांबाला तोंड लावून विचारलंच, "आज काही नाही का?"

संध्याकाळी व्यवस्थापकांनी विक्रीचा आकडा पाहिला आणि दिलेली समज परत घेतली. "म्हणजे तुम्ही मोकळेपणाने वागा," ते म्हणाले. "मी कुणाच्या खासगी आयुष्यात लक्ष घालत नाही. फक्त हिरवं बटण सोडवायची घाई करू नका."

आठवडाभरात उपमहाव्यवस्थापक स्वतः आले. त्यांनी डोळे मिटून एक अख्खं भांडण ऐकलं आणि त्याला 'कौटुंबिक ध्वनी-अनुभव' असं नाव दिलं. एखाद्या गोष्टीला तीन शब्दांचं नाव द्यायला गेलं की तिच्यासाठी माणूस नेमावा लागतो. त्याप्रमाणे एक मतभेद समन्वयक नेमण्यात आला. त्याचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे त्याची निष्पक्षता वादातीत होती.

समन्वयक मन लावून काम करी. रांगेच्या शेवटच्या गाडीला नीट ऐकू जात नाही म्हणून त्याने रस्त्याच्या कडेने आणखी भोंगे लावले. खिडकीवाली रडवेली झाली की तो हातवारे करून 'आणखी जरा' असं सुचवी. तळणीवाला गप्प बसला तर कानात सौम्य आवाज येई, "समन्वयाकडून तळणीला. आपण दुर्लक्ष करताय असं ग्राहकांना वाटतंय. एखादा टोमणा मारावा. धन्यवाद."

"मला टोमणे जमत नाहीत," तळणीवाला म्हणाला. ते खरं होतं. संसारातलं ते खातं तिच्याकडे होतं.

मग त्याला टोमण्यांच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं.

इतर शाखांनाही हा अनुभव सुरू करण्याचे आदेश गेले. एका शाखेत हिशेबनीस आणि सफाईवाली यांना नवराबायको म्हणून उभं केलं, पण हिशेबनीस तिच्याशी फारच आदराने बोलला आणि पाच मिनिटांत सोंग उघडं पडलं. तेव्हापासून भरतीच्या जाहिरातीत 'दांपत्यांस प्राधान्य' अशी ओळ येऊ लागली. मुलाखतीला एक जोडपं हातात हात घालून आलं होतं. त्यांना बाहेरच्या बाहेर परत पाठवलं.

खाण्याकडे कुणाचंच लक्ष राहिलं नव्हतं. बटाटे कधी करपत, कधी कच्चे राहत. एका बाईंना पाकिटात नुसते कागदी रुमाल मिळाले, त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या आणि "काल कुठवर आलं होतं?" एवढंच त्यांनी विचारलं.

पगार दोघांचेही वाढले. आणि घरी एक विचित्र गोष्ट घडली. दिवसभर भांडून आलेल्या माणसांना घरी भांडायचा कंटाळा येतो. दोघं जेवायला समोरासमोर बसू लागली.

"उद्या कशावरून?" तो ताटातली भाजी पुढे सारत विचारी.

"तुमच्या घोरण्यावरून घेऊ."

"ते झालं परवा."

"मग माझ्या स्वयंपाकावरून. तुम्ही म्हणा, आमच्या आईसारखा होत नाही."

"पण होतो की," तो म्हणाला. तिला हसू आलं. मग त्यालाही आलं. किती तरी महिन्यांनी त्या स्वयंपाकघरात दोघं एकदम हसली.

हसू ओसरल्यावर तो ताटाकडे बघत म्हणाला, "यंत्राचं म्हणशील तर मी..."

"ते खिडकीवर बोला," ती सवयीने बोलून गेली. "इथे बोलून वाया कशाला घालवायचं?"

त्याने घास तोंडात घातला. तीही जेवत राहिली. आपण काय बोलून बसलो ते तिला पाणी प्यायल्यावर कळलं. ज्या दुःखाने ती रात्र रात्र जागली होती, ते आता गाड्यांना पाकिटाबरोबर देण्याची वस्तू झालं होतं. दुसऱ्या दिवशी भोंग्यावर 'माझ्या आईचं यंत्र' म्हणताना तिला यंत्र आठवलं नाही, आईही आठवली नाही. समन्वयकाचा वर केलेला अंगठा तेवढा दिसला.

यानंतर थोड्याच दिवसांनी, ऐन दुपारी, कानात टिंग वाजली.

"नमस्कार. काय देऊ?" तिने विचारलं.

"द्यायचं काही नाही. घ्यायचं आहे," खांबाकडून आवाज आला. "वहिनी, मी बोलतेय. टेम्पोत यंत्र आहे तुझं."

रांगेतली सगळी इंजिनं बंद झाली. नणंद पुढे बोलत राहिली. भोंगे चालू आहेत याची तिला कल्पना होती की नव्हती कोण जाणे, पण तिला आता लाज वाटेनाशी झाली असावी.

"गल्लीत मला 'यंत्र लाटणारी' म्हणतात. कुणी साधा फाटका परकर शिवायला टाकत नाही. पण मी त्यासाठी नाही आले. तुला विचारलं नव्हतं हे मला भोंग्यावरून कळलं, वहिनी. दादा म्हणाला होता, तूच पाठवलंयस. मी तर तुला दुवा देत होते."

खिडकीवालीने मागे वळून पाहिलं. तळणीवाला झारा हातात धरून उभा होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

"समन्वयाकडून खिडकीला," कानात घाईघाईने आवाज आला. "यंत्र स्वीकारू नये. परत आलेला माल घेत नाही असं नम्रपणे सांगावं. यंत्र आलं तर बोलायला उरणार काय? दोघांच्या नोकरीचा प्रश्न आहे. धन्यवाद. कळलं का? कळलं का?"

ती 'कळलं' म्हणाली नाही. तिने हेडसेट कानावरून काढून पाकिटांच्या ढिगावर ठेवला. आत तळणीवाल्यानेही आपला काढला, चुलीचा गॅस आठवणीने बंद केला, आणि मागच्या दाराने बाहेर पडून गाड्यांच्या मधून चालत खिडकीपाशी आला. ज्या खिडकीशी रोज दोनशे माणसं बोलत, तिच्यासमोर तो पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूने उभा होता. त्याने काठावर हात टेकले, तोंड तिच्या कानाशी नेलं आणि काहीतरी बोलला.

भोंग्यातून फक्त खरखर आली.

"मोठ्याने," मागून कुणी तरी म्हणालं. हॉर्न वाजू लागले. ट्रकवाला टपावर चढला, पण तिथूनही ऐकू येण्यासारखं नव्हतं. खिडकीवालीने डोळे पुसले, नवऱ्याच्या खांद्यावर एक चापट मारली आणि म्हणाली, "उभे काय राहिलात? वन्संना हात लावा उतरवायला." एवढं मात्र सगळ्यांनी ऐकलं.

दोघांना त्याच संध्याकाळी कामावरून काढण्यात आलं. कारण स्वच्छ अक्षरांत दिलं होतं: कर्तव्यावर असताना, ग्राहकांसमक्ष, विनापरवानगी समेट. तो आता एका रुग्णालयाच्या उपाहारगृहात तळतो. तिथे पदार्थ तयार झाला की घंटी वाजवतात. ती घरी शिवते. नणंद रोज येते. एकजण कापते, दुसरी शिवते, आणि भांडणं होतात ती काजाच्या मापावरून.

उपाहारगृहात मात्र शांतता नाही. पूर्वीचे ग्राहक तक्रार घेऊन व्यवस्थापकांना भेटले. त्यांचे पुढारी एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्यांतले आम्ही नव्हे. पण पहिल्यापासून आम्ही हजर होतो. शेवटी तो तिच्या कानात काय म्हणाला, हे आम्हाला कळायला नको का?" कंपनीने त्यांची लेखी माफी मागितली आहे आणि ते वाक्य मिळवण्यासाठी समन्वयकाला खिडकीवालीच्या घरी दोनदा पाठवलं आहे. दोन्ही वेळा तिने त्याला चहा दिला.

वाक्य सांगितलं नाही. इथेही ते सांगितलं जाणार नाही. समेट झाला, यंत्र परत आलं, माणसं सुखात आहेत. भल्या माणसाला आणखी काय हवं? आणि आपण तर, वाचकहो, दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्यांतले मुळीच नव्हे. तरी अजून थांबलाच आहात.