रुमालाखाली काय चाललं होतं

त्या दिवशी घरातून निघताना खुशालरावांनी एकच गोष्ट ठरवली होती, की बाजारात हसायचं नाही.

तसं गेली दोन वर्षं ते हे रोजच ठरवत होते. सातासमुद्रापलीकडे कोणाची तरी कोणाशी तरी लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाचा भाव आभाळाला जाऊन टेकला. बडनेऱ्याजवळच्या त्यांच्या गावात ज्याच्या त्याच्या डोक्यावर जरीचा फेटा आला. खुशालरावांच्याही आला, आणि तेव्हापासून त्यांचं मान हलवणं, खो खो हसणं, कोणाच्या पाठीवर थाप मारणं, सगळं बंद झालं. (फेटा सैल बसायचा, हेही एक कारण होतं. पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.) पूर्वी संध्याकाळी ओसरीवर बायकोशी, म्हणजे मैनाबाईंशी, कवड्या खेळायचे, तेही सुटलं. "भारी माणूस खेयत नसते," असं त्यांनी तिला बजावलं. मैनाबाईंनी कवड्या फडताळात टाकल्या आणि बैलांशी बोलायला गोठ्यात निघून गेल्या.

ते बैल म्हणजे हरण्या आणि चांद्या. मैनाबाईंच्या वडिलांनी गोऱ्हे असताना पातूरहून लेकीला पाठवले आणि पुढच्याच महिन्यात ते वारले. त्यामुळे त्या जोडीला कोणी नुसता चाबूक दाखवला, तरी दोन दिवस भाजीत मीठ पडायचं नाही.

तर त्याच जोडीला जुंपून, गाडीत कापूस लादून खुशालराव अमरावतीच्या बाजारात आले. तिथं खरेदीला आलेले दलाल होते पंजाबराव. मूळचे त्यांच्याच गावचे, लहानपणी दोघांनी मिळून गुरं राखलेली. आता अकोल्याला बस्तान बसवून तेही भारी माणूस झाले होते. "राम राम, खुशालराव." "राम राम, पंजाबराव." दोघंही मयतीला आल्यासारखे बोलले. मग रिवाजाप्रमाणे समोरासमोर बसले, हातांवर रुमाल पडला आणि सौदा सुरू झाला. या सौद्यात तोंड वापरायचं नसतं. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगायचा आणि चेहरा कोरा ठेवायचा, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना भाव कळत नाही.

पंजाबरावांनी चार बोटं दाबली. खुशालरावांनी पाच दाबली. तेवढ्यात पंजाबरावांचा अंगठा सरपटत आला आणि त्यानं खुशालरावांचा अंगठा दाबून धरला.

खुशालराव गोंधळले. अंगठा म्हणजे कोणता आकडा? भाव वाढला, की सौदा मोडला? की अकोल्याला असा काही नवा रिवाज निघाला आहे? त्यांनी पंजाबरावांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड कोरं. (दलालाचंच तोंड ते.) त्यांनी अंगठा सोडवून घेतला, तर तो पुन्हा दाबला गेला. या खेपेला मात्र पंजाबरावांची डावी मिशी किंचित थरथरली, आणि खुशालरावांच्या डोक्यात एकदम उजेड पडला.

गुरं राखताना दोघं हाच खेळ खेळायचे! बोटांत बोटं अडकवायची. ज्याचा अंगठा दबला तो हरला, आणि जो हरला त्यानं गुरांना पाणी पाजायचं. तीस वर्षांत त्यांना त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

मग काय, खुशालराव पेटले. रुमाल उंदीर शिरल्यासारखा उडू लागला. हसायचं तर नाही, म्हणून दोघांनी दात आवळले आणि कपाळावरून घाम निथळू लागला.

"बाप रे, काय सौदा चालला हाये हा!" खुशालरावांचा शेजारी पुंजाराम गर्दीत होता, तो म्हणाला. "गाडीभर कापसाले येवढा घाम येते काय?"

"कापूस नाई तो," दुसरा म्हणाला. "भारी चीज दिसते."

"भारी चीज हाये तरी काय याच्याजवळ?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. गाडीपाशी हरण्या आणि चांद्या रवंथ करत उभे होते. पुंजारामनं कपाळावर हात मारला, तट्टावर मांड टाकली आणि तो गावाकडे सुटला.

इकडे खुशालराव तिसरा डावही हरले, तेवढ्यात पंजाबरावांना कोणीतरी हाक मारली आणि ते उठून गेले. खुशालराव गाडीत बसले आणि चक्क गुणगुणत घरी आले.

दारात मैनाबाई उभ्या होत्या. त्यांनी बैल सोडले, गोठ्यात नेले आणि दोन्ही कासरे मुठीत धरून तिथंच बसल्या.

"कितीले इकली?"

"काय?"

"माह्या बापाची जोडी."

"अवो, म्या तं कापूस इकाले गेलतो!"

"मंग कापूस गाडीत काहून हाये?"

खुशालरावांनी मागं वळून पाहिलं. गाडी काठोकाठ भरलेली होती. (त्यांना खरोखरच आत्ता दिसलं.) "भाव... भाव पटला नाई," ते चाचरले.

"पटला नाई तं येवढा येळ रुमालाखाली काय करून राहिले होते?"

आता आली का पंचाईत! खेळत होतो म्हणावं तर भारी माणूस गेला, आणि नाही म्हणावं तर बैल विकले. खुशालराव नुसतेच फेटा चाचपत राहिले.

"उद्या सकायी मी जोडी घेऊन पातूरले चालली," मैनाबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "दोन वर्सं झाले, तुमी घरात हासले नाई. मले वाटलं, मोठे झाले, असू द्या. पन इकाचीच होती तं तोंडानं सांगाचं होतं."

खुशालरावांनी मनाशी ठरवलं, भारी माणूस गेला तर जाऊ दे, पण मैना जायला नको.

"अंगठा दाबून राहिलो होतो," ते हळूच म्हणाले.

"कोनाचा?"

"पंजाबरावाचा. खेय होता. तीन डाव हरलो."

मैनाबाईंनी कासरे खाली ठेवले. "दाखवा."

त्यांनी पदर हातांवर ओढला. खुशालरावांनी बोटांत बोटं अडकवून नियम सांगितले, हरणाऱ्यानं पाणी पाजायचं तेही सांगितलं, आणि ते सांगत असतानाच त्यांचा अंगठा दबला. पुन्हा दबला. तिसऱ्यांदा दबला तेव्हा मैनाबाई डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून खळखळून हसल्या. ते हसू ऐकून खुशालरावही खो खो सुटले, फेटा डोक्यावरून गव्हाणीत पडला आणि हरण्यानं तो शांतपणे चघळायला घेतला. आपण इतके दिवस काय घालवून बसलो होतो, ते खुशालरावांना त्या क्षणी कळलं, आणि तो काही फेटा नव्हता.

नेमकं त्याच वेळी शेजारच्या पार्बताबाईंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. पदराखाली हात, दोघांच्या डोळ्यांत पाणी, मध्ये बैल. घटकाभरात अर्धं गाव अंगणात जमलं. सगळ्यांत पुढे पुंजाराम.

"मैनावयनी, घरातल्या घरात सौदा? कितीले गेली जोडी?"

मैनाबाईंनी गोठ्याच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथं भारी माणूस खुशालराव बोडक्या डोक्यानं, दोन हातांत दोन घागरी घेऊन बैलांना पाणी पाजायला आत शिरत होते.

"जोडी कुठी जाते? जिथची तिथं हाये," त्या म्हणाल्या. "धनी तेवढे गेले. अन् तेबी फुकटात."