बिनसहीचा सल्ला

अंदाज चुकला तर दोष हवेला देता येतो. सल्ला चुकला तर तो कुणी दिला होता, हे विचारलं जातं. शेतकरी आणि मच्छीमार यांच्या कल्याणाचं सगळं शास्त्र या एका सत्यावर उभं आहे, आणि चेन्नईच्या गिंडी भागातल्या एका खासगी कंपनीत मी त्या शास्त्राचा पगारी सेवक आहे. मोठ्या वादळांचे इशारे सरकार देतं. आम्ही उरलेली फुटकळ हवा सांभाळतो आणि तिच्याविषयी दिवसातून तीनदा लोकांच्या फोनवर संदेश धाडतो.

माझी पात्रता विचाराल तर मी जतचा. आमच्याकडे समुद्र सोडाच, ओढ्याला पाणी आलं तरी बघायला गर्दी जमते. शिक्षण मोटारींच्या गिअरबॉक्सचं. मुलाखतीत समुद्राचा अनुभव विचारला, तेव्हा शाळेची सहल गणपतीपुळ्याला गेली होती, असं सांगितलं. (पाण्यात उतरलो नव्हतो, सर नको म्हणाले होते. माझी निवड त्यावरच झाली, हे पुढे कळलं.)

आमचे प्रमुख राघोत्तमराव, तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घरात सात पिढ्या कारकुनी आहे, आणि पुढे अंगाशी येईल असं वाक्य त्यांतल्या एकानेही लिहिलेलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला क्रियापदं शिकवली. 'सावध राहावे' याला सही लागत नाही. 'शक्यतो जाऊ नये' याला एक लागते. नुसत्या 'जाऊ नये'ला तीन, आणि त्यांतले एक साहेब शुक्रवारी दुपारनंतर सापडत नाहीत. 'खुशाल जा' आमच्या यादीतच नाही.

या शिस्तीची फळं गोड आहेत. गेल्या वर्षी आम्ही १,०९५ संदेश पाठवले आणि एकही चुकला नाही. भातवाल्यांना आम्ही कळवतो, 'पाऊस झाल्यास शेतातील पाणी काढावे, न झाल्यास पाणी द्यावे.' कोण काढणार यात खोट? समुद्र तर आमच्याकडे कायम 'शांत ते खवळलेला' असतो. काशिनाथ नावाच्या एका उत्साही सहकाऱ्याने एकदा 'उद्या ऊन पडेल' असं लिहिलं. ऊन पडलंही. तरी त्याची आवडी नावाच्या उपनगरातल्या गोदामात बदली झाली, कारण सवय वाईट.

मी तिरुवल्लिकेणीच्या 'मॅन्शन' म्हणवणाऱ्या एका लॉजमध्ये राहतो, म्हणजे एका खाटेवर. संध्याकाळी चालत मरीना किनाऱ्यावर जायचं आणि शरण्याच्या गाडीवर तळलेला मासा खायचा, हा माझा समुद्राचा चालू अभ्यास. तिचा नवरा वेंकट पहाटे फायबरची होडी घेऊन जातो, तो आणेल ते ती तळते. फोनवरचे संदेश मी लिहितो, अशी बढाई मी एकदा मारली. तेव्हापासून ती मला एक तुकडा जास्त वाढायची. (मी नको म्हणत नसे.)

ऐप्पसी महिन्यातला, म्हणजे आपल्या आश्विन-कार्तिकातला, तो शुक्रवार होता. दुपारी पडद्यावर एक लाल ठिपका आला: पहाटे चार ते सात, वाऱ्याचा जोरदार झोत, नेमका शरण्या-वेंकटच्या वस्तीसमोर. मी 'जाऊ नये' असं टाइप केलं. सह्यांचे तीन चौकोन उघडले. घड्याळात चार वाजले होते. मी ते पुसलं, 'सावध राहावे' लिहिलं आणि वेळेत घरी निघालो.

गाडीवर शरण्याने मासा वाढला आणि फोन पुढे धरला.

"अण्णा, सावध राहायचं म्हणजे जायचं की नाही?"

तिने तमिळमध्ये विचारलं. उत्तर होतं 'पोग वेंडाम', म्हणजे नका जाऊ. एवढं तमिळ मला येतं. तिथे कुणाची सही लागत नव्हती, राघोत्तमराव नव्हते, तिन्ही चौकोन गिंडीत राहिले होते. मी तोंडातला घास गिळला आणि म्हणालो, "सांभाळून जायला सांगा."

पहाटे पाचला होडी उलटली. दुसऱ्या होडीवाल्यांनी दोन तासांनी वेंकटला पाण्यातून काढलं. उजवा हात दोन ठिकाणी मोडला होता. होडी गेली.

सोमवारी समितीने तपासणी केली. निष्कर्ष असा की संदेश अचूक होता, मच्छीमार पुरेसा सावध नव्हता. मला प्रशस्तिपत्र मिळालं. फोटोत मी हसतो आहे. लाज वाटली ती रात्रभर वाटली, पण ती फोटोत येत नाही.

आठ दिवसांनी धीर करून गाडीवर गेलो. ती बाजारातून आणलेला मासा तळत होती. मला ठाऊक होतं, असं मी तिला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मग सांगायचं ना, अण्णा," एवढंच ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

वाचक हो, तुम्हाला माझा राग आला असेल. यायलाच हवा, मी त्या लायकीचाच आहे. पण तुमच्या घरातल्या कुणीतरी कधीतरी तुमच्यासमोर बसून सरळ विचारलं होतं: या माणसाशी लग्न करू का? लाल ठिपका तुम्हाला स्वच्छ दिसत होता. 'नको' हा एकच शब्द होता. तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि म्हणालात, "नीट विचार करून ठरव."