पोरां आत घेवा

संध्याकाळी कामावरून आले की घाडीमामा सरळ जिना चढत नसत. लालबागच्या आमच्या चाळीच्या जिन्याखाली उभे राहायचे, मान वर करायचे आणि खणखणीत आवाजात सांगायचे, "घाडी येतंय रे, पोरां आत घेवा." मग गॅलरीभर एकच पळापळ. भिकी, बाळ्या, रडकी, शेंबडी, जी हाताला लागतील ती पोरं आयांनी दंडाला धरून आत ओढायची आणि दारं लोटून घ्यायची. मामा खांद्यावरचा कोयता सावरत, रिकाम्या गॅलरीतून एखाद्या संस्थानिकासारखे चालत शेवटच्या खोलीत जायचे.

मी गिरगावातून लग्न होऊन इथे आले, त्या पहिल्याच संध्याकाळी ही हाळी ऐकली. मला वाटलं, कुणाचा तरी बैल सुटला. सासूबाईंना विचारलं तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "पिंपळ तोडतो तो." जसं काही पुढे विचारण्यासारखं काही उरलंच नाही.

घाडीमामा, म्हणजे शांताराम घाडी, ट्रामच्या तारांवर येणाऱ्या फांद्या तोडणाऱ्या टोळीत होते. परळपासून दादरपर्यंत रस्त्याकडेची झाडं वाढायची, तारेला टेकायची, मग ट्रामचा दांडा तारेवरून निसटायचा, ठिणग्या उडायच्या आणि ट्राम रस्त्यात बसून राहायची. मग शिडीची गाडी घेऊन ही टोळी यायची. बदाम, गुलमोहर, आंबा, सगळे हसत खेळत तोडायचे. पण पिंपळ आला की टोळीतल्या माणसांना एकदम तंबाखू मळायची आठवण व्हायची. पिंपळ तोडणाऱ्याचा वंश बुडतो. सगळे लेकुरवाळे, कोण चढणार? मामांना मूल नव्हतं. ते कासोटा घट्ट करायचे, "माजां काय जातलां?" म्हणायचे आणि चढायचे. वड, उंबर, पिंपळ, असल्या सगळ्या देवाच्या झाडांचा मक्ता मामांकडे होता.

चढण्याआधी मात्र गाऱ्हाणं. आडनावाने घाडी, म्हणजे गावाकडे पिढ्यान्पिढ्या देवापुढे आणि भुताखेतांपुढे लोकांची गाऱ्हाणी घालणारं घराणं. मुंबईत आल्यावर देव नाही तर झाड. मामा बुंध्याशी नारळ ठेवायचे, हात जोडायचे आणि सुरू करायचे, "बा देवा म्हाराजा, आज तुज्या अंगाक लोखंड लागताहा, ता आमच्या हौसेन न्हय. साहेबाचो हुकूम आसा." टोळी मागून म्हणायची, "व्हय म्हाराजा." "तुजो राग साहेबार काढ. साहेब गावलो नाय तर ह्या शांतारामार काढ. ह्या टोळीच्या पोराबाळांक काय करू नको रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा."

साहेबाला मराठी बेताचं. एकदा त्याने विचारलं, माझं नाव कशाला घेतात. टोळीतल्या कुणीतरी सांगितलं, तुमच्या आयुष्यासाठी प्रार्थना करतात. तेव्हापासून साहेब बिचारा प्रत्येक गाऱ्हाण्याला टोपी काढून उभा राहायचा.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. चाळीत दुसरा विषय नव्हता. सकाळी नळावर सुद्धा बायका दिल्लीला शिव्या घालत बादल्या भरायच्या. एका हरताळाच्या सकाळी चाळीतल्या पोरांच्या डोक्यात आलं, की नाक्यावरच्या पिंपळाची मोठी फांदी पाडायची आणि ट्रामचा रस्ता बंद करायचा. पुढारी होता आमच्या शेजारचा दत्तू. आदल्या दिवशी सभेत "मुंबईसाठी प्राण देऊ" म्हणून घसा बसवून आलेला. पण कुऱ्हाड हातात घ्यायची वेळ आली तेव्हा दत्तूचं लग्न ठरलेलं निघालं. दुसऱ्याची बायको दिवसांत होती. तिसऱ्याला आईने शपथ घातली होती. शेवटी सगळे मामांच्या दारात.

"प्राण देताय आणि फांदी तोडूक भियाताय?" मामा म्हणाले. पण गेले. नारळ ठेवला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा, मुंबई आमची आमका मिळांदे. ह्येचो राग दिल्लीक लागांदे. दिल्ली लांब पडली तर शांताराम हंयच आसा." पोरांनी "व्हय म्हाराजा" असं काही दणकून म्हटलं की पोलिसांनी नाक्यावरून मागे वळून पाहिलं. फांदी पडली, ट्राम अडल्या, पोरं पळाली. आणि दुसऱ्या दिवशी रुळांवरची ती फांदी हलवायला कुणाला पाठवलं असेल? घाडीमामांना. पाडताना बिनपगारी, उचलताना पगारी, असं स्वतःच सांगून ते पोटभर हसले.

पुढे महाराष्ट्र झाला. गुलाल उधळला, पेढे वाटले. दत्तूने घरोघर जाऊन हातात पेढा दिला. घाडीमामांचा पेढा त्याने उंबऱ्यावर ठेवला, दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "मामा, तुमच्यामुळे झालं हो." तोवर त्याला मुलगा झाला होता ना. मामांनीच त्याला सांगितलं, "बरां केलंस. लांब रव." मला त्या दत्तूच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती, अजूनही वाटते.

मामांच्या विक्षिप्तपणातला सगळ्यात मोठा मासला बारशाचा. चाळीत कुणाकडेही बारसं असलं की सकाळपासून मामांची घाई सुरू. स्वच्छ सदरा घालायचे, कोयता खांद्यावर घ्यायचे, आणि गॅलरीतून जाता जाता दारोदार सांगायचे, "दोष घेवन खाली चललंय. बारसां निवांत करा." मग रस्त्यापलीकडे ट्रामच्या थांब्याजवळ, चाळीकडे पाठ करून बसायचे. उन्हात, पावसात, बारसं आटपेपर्यंत. लोक हसायचे. सुट्टीच्या दिवशी कोयता घेऊन ट्रामची वाट बघणारा माणूस दुसऱ्या कुठल्या गावात सापडला असता?

आणि मामी बारशाला यायच्या. इंदूमामी, त्यांची बायको. बारीक चणीची, कमी बोलणारी, हाताला विलक्षण चव. चाळीतल्या प्रत्येक बारशाच्या घुगऱ्या मामींच्या हातच्या. मूल होत नसलेल्या बाईला आमच्याकडे पाळण्याजवळ कोण उभं करतं? पण मामींना कुणी काही बोलायचं नाही. "तिचा काय दोष, नवऱ्याने पिंपळ तोडले, ती काय करणार," असं सासूबाईच म्हणायच्या, आणि आपण किती उदार आहोत म्हणून पदर सारखा करायच्या.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात मला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दुपारी मामी घुगऱ्यांचे हरभरे निवडायला माझ्याजवळ बसल्या होत्या. सासूबाई देवळात गेलेल्या. मी सहज म्हटलं, "मामी, मामांनी ते पिंपळ तोडायचं काम घेतलं नसतं तर तुमचंही घर भरलं असतं."

मामींचा हात थांबला. त्या माझ्याकडे बघून हसल्या, आणि मला आवडलं नाही ते हसणं.

"गो सुमन, पयलो पिंपळ तेंनी तोडलो तेवा आमच्या लग्नाक अकरा वर्सां झाली होती."

मग त्यांनी सांगितलं, मान खाली घालून, हरभरे निवडत. अकरा वर्षं लोक त्यांनाच वांझ म्हणत होते. याच गॅलरीत, याच बायका. मामी दिसल्या की पोरं आत ओढून घेत होत्या. त्यांच्या सासूने शेवटी त्यांची ट्रंक भरली आणि माहेराहून भावाला बोलावून घेतलं, की हिला घेऊन जा, मुलासाठी दुसरी बघितली आहे. भाऊ येऊन खाली मान घालून बसला होता. त्याच आठवड्यात परळला एक पिंपळ तोडायचा अडून राहिला होता, टोळीतलं कुणी हात लावेना. मामा गेले, तोडला, आणि त्याची फांदी खांद्यावर घेऊन भर चाळीतून घरी आले. आईसमोर टाकली. म्हणाले, आता दोष माझ्यात आला. आता दुसरी आण, तिसरी आण, कुणाच्याच पोटी काही येणार नाही. आईने कपाळ बडवून घेतलं. ज्या घरची मुलगी बघितली होती, त्यांनी दुसऱ्याच दिवशी नकार कळवला. भाऊ एकटाच परत गेला.

"आणि त्या संध्याकाळपासना ते जिन्याखालसून हाळी घालूक लागले," मामी म्हणाल्या.

मी विचारलं, "पण मामांचा त्या शापावर विश्वास थोडाच असेल?"

"घाडी ते. तेंचो नाय तर कोणाचो आसतलो?" मामींनी एक किडका हरभरा बाजूला टाकला. "त्या दिवसापर्यंत आम्ही नवस करी होतो. मगे तेंनी एकय नवस केल्यानी नाय."

  आमच्या चाळीतल्या पोरांना शाळेत न जाताही वजाबाकी येते. पण लग्न आधी आणि पिंपळ नंतर, एवढा हिशेब एकाही म्हातारीला जमला नाही. खरं तर जमला असणार. सगळ्या होत्याच की तेव्हा तिथे. पण जो माणूस रोज संध्याकाळी ओरडून सांगतो की मी वाईट आहे, त्याला वाईट म्हणणं सोपं. बाईला पुन्हा नव्याने छळायचे कष्ट कोण घेणार? माझ्या मनात त्या दिवशी सगळ्या गॅलरीबद्दल जो कडूपणा आला, तो आजतागायत गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

बारशाच्या दिवशी मामा ठरल्याप्रमाणे सांगून खाली गेले. सासूबाईंनी गॅलरीतून वाकून खात्री केली आणि मगच मामींना आत बोलावलं. बायका जमल्या, पाळणा हलला, नाव ठेवलं. मामींनी मुलीला उचललं तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. मी तडक गॅलरीत गेले. पलीकडे थांब्याजवळ पाठमोरे मामा, जूनचं ऊन डोक्यावर, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. माझं डोकं फिरलं. कठड्यावर वाकून मी हाक मारली, "घाडीमामा, वर या. आधी वर या."

 मामी मुलीला घेऊन धावत बाहेर आल्या आणि मोकळ्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं. एवढी बारीक बाई, पण बोटं रुतली.

"नको गो," त्या कुजबुजल्या. "तेंका वर बोलावलंस तर माका खाली जावचां लागतलां."

रस्त्यापलीकडून मामांनी मान वळवली नाही. तिकडे पाठ ठेवूनच त्यांनी आवाज दिला, "घाडी हंय बसलंय रे. पोरां आत घेवा."

"माणूस विक्षिप्त, पण समजूतदार हो," सासूबाई दारातून म्हणाल्या. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.

मामींच्या हातून मी मुलगी घेतली नाही. त्यांच्याच कुशीत राहू दिली आणि दोघींना आत नेलं.